जॅकभाऊ

जॅकभाऊंना फोन केला तर ते 'हॅलो' म्हणत नाहीत. "कुठलं चाक?" असं विचारतात.

निदान डिसेंबर ते एप्रिल तरी. बाकीचे महिने ते चारचौघांसारखेच असतात. गवत कापतात, मुलगी लहान होती तेव्हा तिला भरतनाट्यमच्या क्लासला सोडून बाहेर गाडीत डुलकी काढायचे, मराठी मंडळाच्या सभेत हिशेबावर एक शंका विचारून खाली बसतात. पण मिशिगनमध्ये पहिला बर्फ पडला आणि रात्री दोन वाजता मिठाचा ट्रक खडखडत गल्लीतून गेला, की या माणसाच्या अंगात येतं. अंथरुणातून उठून ते खिडकीशी जातात, पडदा सारतात आणि ट्रकच्या मागून उडणारे खडे बघत उभे राहतात. वहिनी म्हणतात, "आमच्याकडे दिवाळी दोनदा. एक लक्ष्मीपूजनाची, एक मीठ पडतं तेव्हाची."

त्यांचं खरं नाव मी सांगत नाही, कारण सांगून उपयोग नाही. ते इथे कुणालाच ठाऊक नाही. डेट्रॉइटच्या पश्चिम अंगाला नोव्हाय, कँटन, फार्मिंग्टन हिल्स अशी आपल्या माणसांनी भरलेली उपनगरं आहेत. तिथे स्वतःच्या मालकीचा तीन टनी जॅक असलेले ते पहिले मराठी गृहस्थ. 'जॅकवाल्या भाऊंना विचार' याचं बघता बघता 'जॅकभाऊंना विचार' झालं. शेजारच्या अमेरिकन आजीबाईंच्या कानावर ते गेलं आणि त्यांचा जीव भांड्यात पडला. चला, एका तरी भारतीयाचं नाव उच्चारता येण्यासारखं निघालं! तेव्हापासून दर नाताळात 'जॅक आणि कुटुंबीय' यांच्या नावाने कार्ड येतं आणि वहिनी ते फ्रिजवर लावतात.

पोटासाठी जॅकभाऊ ब्रेकचंच काम करतात. यात काही गंमत आहे असं त्यांना वाटत नाही. गेली बावीस वर्षं ते कॉम्प्युटरच्या पडद्यावर गाड्या थांबवतायत. ताशी शंभरच्या वेगाने निघालेली पडद्यावरची गाडी किती मीटरवर उभी राहील, डिस्क किती तापेल, हे ते दशांश चिन्हापुढच्या तीन आकड्यांपर्यंत सांगतात. त्यांच्या पडद्यावर पाऊस आहे, बर्फ आहे, घाट आहे. मीठ मात्र नाही. त्यामुळे तिथल्या ब्रेकला आजवर गंज लागलेला नाही, आणि दिवसभर असल्या सोवळ्या ब्रेकांशी वागून आलेला माणूस संध्याकाळी खऱ्याखुऱ्या, तांबड्या, पापुद्रे सुटलेल्या ब्रेकसाठी आसुसलेला असतो.

हा प्रकार महाराष्ट्रातून इकडे आलेल्या इंजिनिअरांत हमखास सापडतो. आणि महाराष्ट्रात तो शोधूनही सापडत नाही. तिथे कोपऱ्यावर गॅरेज असतं, गॅरेजात हात काळे झालेला एक पोरगा असतो, आणि आपण त्याच्या डोक्यावर उभं राहून "नीट बघ रे" म्हणायचं असतं. जॅकभाऊंचा पुण्यातला यंत्रानुभव म्हणजे वडिलांची बजाज स्कूटर तिरकी धरणे. वडील किक मारत, हे तोल सांभाळत. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला वर्कशॉपमध्ये फिटिंगचा जॉब असतो. दोन लोखंडी पट्ट्या कानसीने घासून एकीत एक बसतील अशा करायच्या, काटकोन चुकता कामा नये. जॅकभाऊंनी तो कुणाकडून तरी पन्नास रुपयांत करून घेतला. हे त्यांनी मला एकदाच सांगितलंय, रात्री साडेअकराला, गाडीखाली झोपलेले असताना. फक्त पाय दिसत होते. चेहरा दिसत असता तर सांगितलं नसतं.

मिठाच्या विषयावर त्यांना बोलतं करू नये. पंगतीत कुणी सहज "वहिनी, आमटीत मीठ जरा..." एवढं म्हणालं तरी पुरतं.

"आपण कशावर राहतो, सांग."

"कर्जावर?"

"मिठावर!"

हे मात्र खरं आहे. डेट्रॉइट शहराच्या पोटात, सुमारे अकराशे फूट खाली, मिठाची खाण आहे. कोट्यवधी वर्षांपूर्वी इथे समुद्र होता. तो आटला, मीठ राहिलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला माणसं विवर खणून तिथवर पोचली आणि आता खाली मैलोगणती रस्ते आहेत. विवर अरुंद, म्हणून खाणीत वापरायची गाडी आख्खी उतरत नाही. तिचे तुकडे करायचे, एकेक खाली सोडायचा आणि तळाशी पुन्हा गाडी जोडायची. जॅकभाऊ इथे थांबतात, घोटभर पाणी पितात आणि मग ठेवणीतलं वाक्य टाकतात. "गाडी तुकडे होऊन मिठाकडे जाते. आणि तेच मीठ वर येऊन आपल्या गाडीचे तुकडे करतं."

एरवी हे वाक्य चांगलं आहे. पण मी ते चौदा वेळा ऐकलंय.

पुढची माहिती ओघाने येतेच. रस्त्यावर मीठ टाकायची रीत तशी अलीकडची. न्यू हॅम्पशायर राज्याने १९३८ साली ते प्रयोग म्हणून करून पाहिलं, युद्धानंतर ते सगळीकडे पसरलं आणि आता देशभरात हिवाळ्याला दीड-दोन कोटी टन मीठ रस्त्यांवर पडतं. साधं मीठ उणे नऊ-दहा अंशांच्या खाली आळसावतं, म्हणून कडक थंडीत त्यात कॅल्शियमचं किंवा मॅग्नेशियमचं क्लोराइड मिसळतात. ते हवेतलाच ओलावा ओढून घेतं, म्हणून गाडीच्या पोटाखाली ते वाळतच नाही. काही गावं तर त्या खारट पाण्यात बिटाचा रस घालतात. "मीठ झालं, बीट झालं," जॅकभाऊ म्हणतात, "वरून फोडणी तेवढी द्यायची राहिली."

त्यांचे आजोबा १९३० साली शिरोड्याच्या सत्याग्रहात मीठ उचलायला गेले होते, असं ते सांगतात. आजोबांनी मूठभर उचललं आणि तुरुंगात गेले. नातू रोज गाडीखालून मूठभर झाडतो. त्याला कुणी विचारत नाही.

बर्फाच्या आदल्या दिवशी ट्रक रस्त्यावर खारं पाणी सोडत जातात. ते वाळलं की डांबरावर पांढऱ्या समांतर रेघा उमटतात. आपल्याला त्या दिसतही नाहीत. जॅकभाऊ मात्र अंगणात रांगोळी बघावी तशा त्या वाकून बघतात आणि घरात हाक मारून सांगतात, "अगं, उद्या येतोय!"

गरम गॅरेज हा त्यांचा दुसरा शत्रू. आपल्यापैकी कुणी नवं घर घेतलं की घर दाखवताना गॅरेजातला हीटर मुद्दाम दाखवतो. गाडी सकाळी कशी ऊबदार मिळते वगैरे. तिथे जॅकभाऊ दुधात मिठाचा खडा टाकतात. कडाक्याच्या थंडीत गंजाचं काम जवळजवळ थंडावलेलं असतं. गाडीखाली अडकलेला खारट बर्फ ऊबदार गॅरेजात वितळतो आणि रात्रभर लोखंड खात बसतो. "तू गाडीला नाही, गंजाला ऊब देतोयस," असं ते यजमानाला सांगतात, तेही त्याने नुकताच श्रीखंडाचा पहिला चमचा तोंडात घातलेला असताना. स्वतः ते बारा महिने गाडी बाहेर उभी करतात आणि सकाळी वीस मिनिटं काच खरवडतात. अर्थात त्यांच्या गॅरेजात गाडी आत शिरायला जागाच नाही. तिथे गाड्या उघडायची हत्यारं आहेत.

वहिनींची आई सांगलीहून आली त्या हिवाळ्यात यांनी नवी गाडी घेतली होती. म्हातारीने हौसेने मीठ-मोहऱ्या मुठीत घेतल्या आणि दृष्ट काढायला बर्फात उतरली. जॅकभाऊ दारातून ओरडले, "आई, मोहऱ्या चालतील, मीठ नको!" जावयाला अचानक काय झालं ते त्या माउलीला कळेना. शेवटी नुसत्या मोहऱ्यांनी दृष्ट काढली. अळणी दृष्ट ती, लागायची ती लागलीच. दोन वर्षांत हँडब्रेकची केबल जाम झाली.

जॅकभाऊंच्या खिशात एक पिस्तूल असतं. म्हणजे पिस्तुलासारखा दिसणारा थर्मामीटर. घोडा ओढला की लाल ठिपका पडतो आणि समोरच्या वस्तूचं तापमान दिसतं. घरी त्याने वहिनींचा डोशाचा तवा मोजला जातो, बाहेर चाकं. ब्रेक जाम झाला की ते चाक सतत घासतं आणि बाकीच्या तिघांपेक्षा तापतं. कुणाची गाडी आली की हे खाली वाकून चारही चाकांवर ठिपका टाकतात आणि मगच "या, या" म्हणतात. एका संक्रांतीला मंडळाने शाळेचा हॉल घेतला होता. आत तिळगूळ चालू, आणि बाहेर अंधारात, काळ्या कोटातले जॅकभाऊ पिस्तूल रोखून एकेका गाडीपाशी वाकतायत. अमेरिकेत शाळेच्या आवारात असं करू नये. पोलिसांची गाडी आली. पुढची दहा मिनिटं काय झालं ते जॅकभाऊ सांगत नाहीत, एवढं बोलणारा माणूस त्या विषयावर तोंडात मिठाची गुळणी धरतो. पण जाताना त्यांनी पोलिसांच्या गाडीचं पुढचं डावं चाक बाकीच्यांपेक्षा अठरा अंशांनी जास्त गरम असल्याचं त्या शिपायाला सांगितलं होतं, हे मी स्वतः ऐकलंय. त्या दिवसापासून वहिनींनी पिस्तुलाला पिवळ्या लोकरीचं झबलं विणून दिलंय.

माझी पाळी आली ती एका फेब्रुवारीत. गाडीला इस्त्री जास्त वेळ टेकल्यासारखा वास येऊ लागला. एका गॅरेजात नेली. त्यांनी ४८० डॉलर सांगितले आणि "दुसऱ्या बाजूचंही आजच करून घ्या" असं वर काळजीने सुचवलं. मी जॅकभाऊंना फोन लावला.

"कुठलं चाक?"

"मागचं उजवं."

पलीकडे क्षणभर शांतता. मग हळूच, तृप्त आवाजात, "वा."

मागच्या ब्रेकांचं दुखणं त्यांनी फोनवरच समजावलं. पुढची चाकं सगळं खारट पाणी मागच्यांवर उडवतात. शिवाय थांबताना गाडीचं वजन पुढे झुकतं, म्हणून खरं काम पुढचे ब्रेक करतात. "मागच्यांना काम कमी आणि मीठ जास्त. पेन्शनरांची तब्येत. ये शनिवारी नऊला. दीड तासाचं काम आहे."

हा दीड तास जॅकभाऊंच्या पंचांगातला असतो. माझा शनिवारी सकाळी नऊला लागला आणि रविवारी संध्याकाळी साडेसहाला सुटला.

गाडी उचलून झाली. "जॅकने उचलायची, स्टँडवर टेकवायची. जॅकवर कधी भरवसा ठेवू नये," असं जॅकभाऊ म्हणाले आणि मी हसलो, तर त्यांना कारण कळलं नाही. नट निघाले. चाक निघेना. अ‍ॅल्युमिनियमचं चाक आणि लोखंडी हब, मध्ये सात हिवाळ्यांचं मीठ. दोघं एकजीव झाले होते. मग जॅकभाऊ फरशीवर बसले, हात मागे टेकले आणि दोन्ही पायांनी टायरला लाथा मारू लागले. एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून, खेळण्याच्या दुकानात पोर फतकल मारून हट्ट करतं तसे. पन्नाशी उलटलेला, पगारदार, मंडळाचा माजी खजिनदार. अकराव्या लाथेला चाक सुटलं आणि त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी नकळत टाळ्या वाजवल्या.

टॉर्च धरायचं काम मूळचं त्यांच्या मुलीचं. वयाच्या सहाव्या वर्षापासून अठराव्यापर्यंत तिने बारा हिवाळे टॉर्च धरला. कॉलेजच्या अर्जासोबत निबंध लिहावा लागतो, तो तिने यावरच लिहिला आणि तिला अ‍ॅन आर्बरच्या विद्यापीठात प्रवेश मिळाला. आता ती तिथे वसतिगृहात सुखाने अंधारात झोपते. तेव्हा टॉर्च माझ्या हाती आला.

"टॉर्च."

"धरलाय की."

"मी बघतोय तिथे धर."

"तुम्ही कुठे बघताय ते मला कसं कळणार?"

"माझ्या डोळ्यांकडे बघ ना!"

मी त्यांच्या डोळ्यांकडे बघितलं. हातही नजरेमागे गेला. पुढची पाच मिनिटं त्यांना काहीच दिसत नव्हतं.

ब्रेकची रचना मात्र तेव्हा मला पहिल्यांदा कळली, आणि सांगणारा माणूस चांगला आहे हे कबूल केलं पाहिजे. डिस्कच्या दोन्ही अंगांना दोन पॅड. त्यांना चिमटीत धरणारा कॅलिपर. हा कॅलिपर दोन पिनांवर मागेपुढे सरकतो, टेबलाचा खण सरकतो तसा. पायाखालचा दाब गेला की तो किंचित सैल पडायला हवा. पिनेवरचं रबरी टोपण कुठेतरी फाटतं, खारट पाणी आत जातं, पिन अडकते, खण तिरका होऊन बसतो आणि पॅड डिस्कला सोडत नाही. शिवाय पॅडचे कान ज्या खाचेत बसतात तिथेही गंज. गंजलेलं लोखंड मुळापेक्षा कितीतरी जास्त जागा खातं, म्हणून पावसाळ्यात फुगलेल्या दारासारखे ते कान खाचेत रुततात. माझा आतला पॅड कागदाइतका झिजला होता, बाहेरचा जवळजवळ नवा. दोन महिने मी ऑफिसला ब्रेक दाबूनच जात होतो तर!

वरची पिन हाताने निघाली. खालची हलेना. इथे खरे जॅकभाऊ सुरू होतात.

त्यांच्याकडे एक बरणी आहे. लोणच्याची, काचेची. वर वहिनींच्या अक्षरात 'लिंबू, उपासाचं' आणि त्याखाली त्यांच्या अक्षरात 'खाऊ नये'. आत निम्मं ऑटोमॅटिक गियरचं तेल, निम्मं अ‍ॅसिटोन. त्याचे चार थेंब त्यांनी पिनेच्या मुळाशी सोडले. मग पाना खाली ठेवून चहा मागवला. ओढाताण करायची नाही. "घाई केली की बोल्टला कळतं," ते म्हणाले. अर्ध्या तासाने पुन्हा चार थेंब. कडेवर हातोडीची टिचकी. पुन्हा चहा.

त्या पिनेशी ते बोलत होते. आधी "चल सोन्या, ये." मग अकरा वाजता, "अरे, ये ना." साडेबाराला "काय रे तुझं?" आणि दोनच्या सुमारास, आवाज न चढवता, पुणेरी माणूस खरा संतापल्यावरच जिथे पोचतो तिथे पोचून, "अहो, यायचं असेल तर या. नसेल तर तसं सांगा." मी टॉर्च धरून चूपचाप उभा राहिलो.

शेवटी ब्रॅकेटच सोडवून व्हाइसमध्ये धरली. आधी बरणी आणि तेलाची फडकी घराबाहेर नेऊन ठेवली, हात धुतले, रबर काढलं, आणि मगच पिवळ्या सिलिंडरची ज्योत पेटवली. लोखंड जांभळं झालं. त्यांनी पकडीने पिन धरली आणि ती फिरवली नाही. नुसती हिसकली, इकडे एक केस, तिकडे एक केस. चार वाजून दहा मिनिटांनी ती किर्रर्र वाजली. तो आवाज मी कागदावर आणू शकत नाही. माझ्या अंगावर काटा आला आणि जॅकभाऊंनी डोळे मिटले.

त्यानंतर त्यांनी कानस घेतली आणि पॅडच्या खाचा घासायला बसले. गंजाचा शेवटचा काळा डाग निघाला, खालून राखाडी लोखंड दिसू लागलं, तरी थांबेनात. गुण्या लावला, उजेडासमोर धरला. "बघ," म्हणाले, "काटकोन." मी बघितलं. खरोखर काटकोन होता. तीस वर्षं उशिरा, पण स्वतःच्या हाताचा.

इथेच थांबायला हवं होतं. पण आत आलेलं जुनं तेल उलटं ढकलण्यापेक्षा ब्लीडर उघडून बाहेर सोडलेलं बरं, असं त्यांच्या मनाने घेतलं. ब्लीडर म्हणजे कॅलिपरच्या डोक्यावरचा करंगळीएवढा पोकळ स्क्रू. त्यालाही थेंब झाले, चहा झाला, सोन्या झालं. मग पाना लावला.

कट्.

स्क्रूचं डोकं पान्यात राहिलं, आटे कॅलिपरमध्ये. बराच वेळ कुणी काही बोललं नाही. आतून वहिनींचा आवाज आला, "मोडलं ना? जेवायला या."

रविवारी दुकानात नवा कॅलिपर घेतला, ब्रॅकेट आणि पिनांसकट. इथे बोहारणीचा व्यवहार चालतो. नव्या कॅलिपरवर जुन्याची अनामत घेतात, जुना आणून दिला की ती परत. आमच्या बोहारणी साड्या उलगडून, भोक शोधून, एक पातेलं कमी करायच्या. इथला काउंटरवरचा पोरगा तेवढाही रस दाखवत नाही. जॅकभाऊंनी जुना ऐवज फडक्यातून काढून त्याच्यासमोर ठेवला. सुटलेली पिन तेल लावून परत जागेवर बसवली होती, आणि ती आता लोण्यात सुरी फिरावी तशी सरकत होती. त्यांनी ती एकदा सरकवून दाखवली. "आणि हा कोपरा बघ," असंही बहुधा म्हणणार होते. पोराने सगळं उचललं आणि न बघता मागच्या खोक्यात टाकलं.

धप्प.

पार्किंगमध्ये येईपर्यंत ते गप्प होते. मग म्हणाले, "आत जाऊन एक वस्तू आणतो, थांब." २१९ डॉलरचा बॅटरीवर चालणारा इम्पॅक्ट रेंच घेऊन आले तेव्हा चेहरा पुन्हा फुलला होता. हिशेब त्यांनीच मांडला. गॅरेजवाला ४८०, आपले सुटे भाग १७३, वाचले ३०७. रेंचचं काय विचारलं तर म्हणाले, "ती गुंतवणूक आहे."

चाक चढलं. टॉर्क रेंचचे पाचही नटांवर पाच 'टक' झाले. "गाडी सुरू करण्याआधी पेडल पंप कर, नाहीतर पहिल्या वळणाला पाय थेट फरशीवर जाईल," हे त्यांनी मला तीनदा बजावलं आणि तरीही स्वतः आत बसून पंप केलं. मग नवे पॅड डिस्कवर नीट बसावेत म्हणून त्यांच्या रिकाम्या रस्त्यावर गाडी पळवायची आणि थांबवायची, पळवायची आणि थांबवायची, असं दहा वेळा. शेजारच्या आजीबाईंनी खिडकीतून हात हलवला. "गुड मॉर्निंग, जॅक!" संध्याकाळचे सहा वाजले होते, पण त्यांचंही वय झालंय.

परत आल्यावर झबल्यातून पिस्तूल निघालं. मागचं उजवं, ४४ अंश. पुढची दोन्ही पन्नाशीच्या आसपास. सगळं ठीक. मग ठिपका मागच्या डाव्या चाकावर गेला आणि जॅकभाऊंच्या भुवया उंचावल्या.

"त्र्याऐंशी."

मी काही बोललो नाही.

"पुढच्या शनिवारी ये," ते म्हणाले. "दीड तासाचं काम आहे."

गेल्या वर्षी मी बॅटरीवरची गाडी घेतली. जॅकभाऊंना सांगताना मला फॅमिली डॉक्टर बदलल्यासारखं चोरटं वाटत होतं. ते आले, गाडीभोवती फिरले, पुढचं बॉनेट उघडलं. आत रिकामी पेटी.

"इथे काय असतं?"

"सामान. भाजी वगैरे."

त्यांनी बॉनेट हलक्या हाताने लावलं, आजाऱ्याच्या खोलीचं दार लावावं तसं. पाठोपाठ आणखी तिघांनी तशाच गाड्या घेतल्या. त्या हिवाळ्यात पहिला ट्रक गेला तेव्हा ते उठले नाहीत, असं वहिनी म्हणाल्या. गॅरेजात थोडी जागा करून त्यांनी तिथे ट्रेडमिल ठेवला. मंडळाच्या हिशेबावर ते सलग दोन शंका विचारू लागले. खजिनदार घाबरून गेला.

जानेवारीत एका शुक्रवारी रात्री साडेदहाला माझा फोन वाजला.

"गाडीचं पुस्तक वाचलंस?"

"कुठलं पुस्तक?"

"कुणीच वाचत नाही," जॅकभाऊ म्हणाले. आवाज थरथरत होता. "अरे, तुमच्या गाडीत पाय उचलला की मोटरच वेग खेचून घेते आणि बॅटरी भरते. खरा ब्रेक लागतोच कुठे? डिस्क घासली जात नाही, गंज पुसला जात नाही, पिना जागच्या हलत नाहीत. नुसत्या बसून आहेत. मिठात! पुस्तकात लिहिलंय, जिथे हिवाळ्यात मीठ टाकतात तिथे वर्षातून एकदा कॅलिपर साफ करा, वंगण द्या. छापलंय त्यांनी! आणि अरे, तुझी गाडी दोन टनांची. बॅटरीचं वजन. माझा जॅक पुरेल, पण जुने स्टँड नको, नवे आणतो. उद्या शनिवार आहे."

मागे वहिनींचा आवाज आला, "अहो, त्यांना झोपू द्या."

मी उठून बसलो. बाहेर ट्रक जात होता. अंथरुणातूनच विचारलं,

"कुठलं चाक?"

"चारही," जॅकभाऊ म्हणाले.